मामा, उजेड नीट धरा

भाचा : मामा, उजेड नीट धरा. हात हलतो आहे तुमचा.

मामा : हात नाही, जीव हलून राहिला. साडेअकराला शेताची लाइन येते. गव्हाला पाणी द्यायचं आहे, अन् मी इथे स्वैपाकघराच्या ओट्याशी तुझा मोबाइल धरून उभा.

भाचा : थोडंच काम आहे. फक्त एमिटर बदलायचा.

मामा : फक्त काय?

भाचा : एमिटर. एलईडीच्या मधला पिवळा ठिपका असतो ना, तो. हा बघा, मधोमध काळा डाग पडलाय. जळला.

मामा : म्हणजे बॅटरी लागत नाही.

भाचा : लागत नाही असं नाही. सेल चांगला आहे, बटण चांगलं आहे, आतलं सर्किट चांगलं आहे. नुसता उजेड पडत नाही.

मामा : नवरदेव चांगला, वऱ्हाड चांगलं, मांडव चांगला. फक्त नवरी नाही.

भाचा : तुम्ही मस्करी करा. मी चिप मागवली आहे, ती दीडशे रुपयांत आली. बॅटरी पुन्हा नव्यासारखी होईल.

मामा : होऊ दे. पण मला एक सांग. तुझा हा मोबाइल मस्त उजेड देऊन राहिला. हाच घेऊन जातो ना शेतात.

भाचा : मग मी इथे अंधारात काम कसं करू? घरची लाइट गेलेली आहे.

मामा : काम कशाला करतोस? मला उजेड मिळाला.

भाचा : पण बॅटरी दुरुस्त व्हायची राहील ना!

मामा : ती कशासाठी दुरुस्त करायची?

भाचा : तुम्हाला रात्री शेतात जाता यावं म्हणून.

मामा : आणि आत्ता मी शेतात काहून नाही जाऊन राहिलो?

भाचा : तुम्हाला उजेड धरायचा आहे म्हणून.

मामा : बस. एवढं एकदा तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. चालू दे.

भाचा : आधी सेल बाहेर काढू. हा घ्या. अहो, खिशात नका टाकू! खिशात किल्ल्या आहेत ना? दोन्ही टोकांना लोखंड टेकलं तर खिशातच पेट घेईल.

मामा : बॅटरी अंधारात पेटत नाही, खिशात पेटते. काय लिहिलंय यावर? १८६५०. हा सेल आहे की लॉटरीचं तिकीट?

भाचा : माप आहे ते. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. लिथियमचा. साधा सेल दीड व्होल्टचा, हा ३.७ चा. आता हे पुढचं तोंड उघडायचं. सायकलची जुनी ट्यूब आहे का? पकडायला बरी पडते. आणि गॅस पेटवा, जरा शेकावं लागेल.

मामा : तोंड उघडायला शेकायचं? दातदुखी आहे का त्याला?

भाचा : कंपनीने आट्यांना गोंद लावलाय. तापला की सैल पडतो.

मामा : उघडू नये म्हणून गोंद लावला, अन् आपण उघडावी म्हणून गॅस लावला. माझ्या लग्नात सासऱ्यांनी पितळी बॅटरी दिली होती. एव्हरेडीची, ‘जीवन साथी’. बल्ब गेला तर तोंड फिरवायचं, जुना काढायचा, नवा घालायचा, तोंड फिरवायचं. काही बॅटऱ्यांच्या बुडाच्या झाकणात जास्तीच्या बल्बाला जागाच करून ठेवलेली असायची. बनवणाऱ्याला ठाऊक होतं की हा जाणार, अन् तो रात्री, शेताच्या मधोमध जाणार.

भाचा : आणि तो उजेड कसला? तांबडा, मिणमिणता. तापलेली तार होती ती. सेलमधली बहुतेक वीज नुसती तापण्यात जायची.

मामा : जायची. पण बल्ब बदलायला सहावीतलं पोरगं पुरायचं. आता आयटीआय झालेला भाचा लागतो, मोबाइलवर व्हिडिओ दाखवणारा कोणी गोरा लागतो, गॅसची शेगडी लागते, ट्यूब लागते, आणि उजेड धरायला म्हातारा मामा लागतो. प्रगती झाली नाही असं कोण म्हणेल?

भाचा : सुटलं! बघा. आता हा रिफ्लेक्टर उचलायचा. बोट नका लावू! चिपवरचा घुमट सिलिकॉनचा असतो, मऊ. दाबला की बिघडतो.

मामा : जळालेल्यालासुद्धा बोट लावायचं नाही?

भाचा : सवय लागते म्हणून सांगतो. मामा, या ठिपक्याला तुम्ही साधा समजू नका. आत निळा उजेड देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. निळा आणि पिवळा एकत्र झाले की डोळ्याला पांढरा दिसतो. तांबडी, हिरवी एलईडी पूर्वीच झाली होती. उजळ निळी जमत नव्हती. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी त्यात वर्षानुवर्षं घातली. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं त्यांना.

मामा : मिळू दे, पोटात दुखत नाही माझ्या. पण मग बदलायला सोपी काहून नाही केली?

भाचा : ते त्यांचं काम नव्हतं.

मामा : तेच तर. ते कोणाचंच काम नसतं. उजेड पाडला त्यांना नोबेल. विकला त्यांना नफा. गेला की तो मामाच्या ओट्यावर.

भाचा : मामी, टीव्हीच्या रिमोटमधले सेल द्या जरा.

मामी : रिमोट कशाला? बॅटरी रिमोटने लागणार आहे का?

भाचा : दीड-दीड व्होल्टचे दोन सेल, म्हणजे तीन व्होल्ट. नवी चिप बसवण्याआधी तपासून घ्यायची. हे बघा, वायर टेकवली. दिसला का बारीक उजेड? म्हणजे ही बाजू प्लस. एलईडीतून वीज एकाच दिशेने जाते. उलटी बसवली तर लागणारच नाही.

मामा : अरे वा, लागली की! हीच रिमोटच्या सेलवर घेऊन जातो मी.

भाचा : एवढ्या उजेडात तुम्हाला तुमचे पाय दिसणार नाहीत.

मामा : तुझा मोबाइल नेऊ देत नाहीस, ही नेऊ देत नाहीस. घरात उजेड देणाऱ्या दोन वस्तू आहेत, त्या दोन्ही न लागणाऱ्या तिसरीच्या सेवेला जुंपल्या आहेत. तिसरीचं नाव बॅटरी.

भाचा : अडचण वेगळीच आहे. लाइट नाही, तर सोल्डरिंग आयर्न तापणार कसं? तसंही ते २५ वॅटचं. खाली तांब्याची चकती आहे, ती सगळी उष्णता ओढून घेते. मामी, तवा द्या.

मामी : कोणता तवा?

भाचा : जाड बुडाचा. बिडाचा असला तर उत्तम. तापमान एकसारखं राहतं.

मामी : बिडाचा एकच आहे. सासूबाईंचा.

मामा : दे ग. पोरगं नोबेलच्या कामात आहे.

भाचा : आता बघा, मामा, खरी गंमत. चकतीवर ही सोल्डर पेस्ट. राईएवढी, जास्त नाही. चिमट्याने चिप तिच्यावर ठेवायची. थोडी वाकडी बसली तरी चालते. चकती तव्यावर ठेवायची, गॅस बारीक. उजेड जवळ आणा. आणखी. धूर येतोय तो पेस्टमधल्या राळेचा, घाबरू नका. आता बघत राहा. १८३ अंशाला वितळते.

मामा : काही होऊन नाही राहिलं.

भाचा : थांबा. पेस्ट राखाडी आहे ना अजून? कडेला बघा... आली... आली...

मामा : अरे! चांदीसारखी झाली एकदम.

भाचा : आता चिपकडे बघा. मी हात लावत नाही.

मामा : सरकली! आपोआप सरकली. फिरली अन् बरोबर मधे येऊन बसली!

भाचा : वितळलेलं कथील चिपला स्वतःकडे ओढून घेतं. पृष्ठताण म्हणतात त्याला. शाळेत शिकवलं होतं, दाखवलं कोणी नव्हतं. गॅस बंद करा. चकतीला धक्का देऊ नका, तिथेच थंड होऊ द्या.

मामा : हे मात्र झकास होतं. पुन्हा दाखव.

भाचा : पुन्हा कसं दाखवू? बसली ती.

मामी : झालं असेल तर तवा द्या. सकाळच्या भाकरीला लागतो.

भाचा : मामी... त्या तव्यावर आता भाकरी नका करू.

मामी : काहून?

भाचा : या पेस्टमध्ये ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असतं. सांडलं काही नाही, पण जेवणाचं भांडं म्हणून पुन्हा वापरू नये.

मामा : हे तवा मागताना नव्हतं सांगायचं?

भाचा : तेव्हा सांगितलं असतं तर दिला असता का?

मामी : सासूबाईंचा तवा! लग्न होऊन आले तेव्हापासून त्याच्यावर भाकरी टाकते मी. त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाईंनी टाकल्या. तीन पिढ्यांचं तेल प्यायलाय तो!

मामा : मांड हिशेब. चिप दीडशेची. तवा अनमोल.

मामी : अनमोल म्हणू नका, आकडा सांगा. शनिवारी बऱ्हाणपूरला जायचं आहे मला.

भाचा : मी आणून देईन, मामी. दुकानातला.

मामी : दुकानातला तर मलाही आणता येतो.

मामा : चल पुढे. वाजले किती? त्यासाठीही तुझाच मोबाइल बघावा लागतो, अन् तो उलटा धरला आहे मी.

भाचा : आता चकतीखाली थर्मल पेस्ट. पातळ थर. एलईडीचा उजेड गार दिसतो, पण मागून ती तापते. ती उष्णता चकतीतून बॅटरीच्या अॅल्युमिनियमच्या अंगात गेली पाहिजे. मधे हवेची पोकळी राहिली तर नवीही जळते. जुनी तशीच जळली असणार, बघा, कंपनीने पेस्टचा नुसता टिळा लावलाय.

मामा : म्हणजे बाहेरून दोन हजार ल्युमेन लिहायचं, अन् आत दोन पैशांची पेस्ट वाचवायची.

भाचा : दोन हजार ल्युमेन खोक्यावरच असतात बहुतेक. आता आयर्नचं टोक गॅसवर तापवतो आणि दोन वायरी जोडतो. ही पांढरी रिंग मधे बसवायची, नाहीतर रिफ्लेक्टरचा धातू दोन्ही डागांना टेकून शॉर्ट होईल. काच. तोंड. सेल. आता मोबाइल बंद करा.

मामा : नक्की? एक गेला अन् दुसरा लागला नाही तर शेगडीच्या उजेडात बसावं लागेल.

भाचा : बंद करा हो!

(मोबाइल बंद होतो. बॅटरी लागते.)

मामा : लागली की! पण हा उजेड असा काय? पिवळट?

भाचा : मुद्दाम घेतली तशी. आधीची ६५०० केल्विनची होती, निळसर. ही ४००० ची, आणि रंग खरे दिसतात हिच्यात. निळसर उजेडात माती, पाचोळा, साप, सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. केळीच्या वाळक्या पानांत घोणस पडलेली असली तर तिच्या अंगावरचे तपकिरी गोल या उजेडात वेगळे दिसतात. अंगणात टाकून बघा.

मामा : हं. विटांचा रंग विटांसारखा दिसतोय खरा. तिकडे बांधावर टाकतो... पोचत नाही रे.

भाचा : लांब कमी जातो. चिपचा ठिपका मोठा आहे, म्हणून झोत पसरतो. जवळचं रुंद दिसतं, लांबचं कमी.

मामा : पण रानडुक्कर तर लांबच असतं! ते जवळ आल्यावर त्याचा रंग खरा दिसून मी काय करू?

भाचा : साप जवळ असतो, मामा. डुकराने कितीजण मेले गावात?

मामा : गहू कोणी खाल्ला? सापाने?

भाचा : लांब झोत हवा असेल तर लहान ठिपक्याची चिप घालावी लागेल. फक्त चिप बदलायची...

मामी : तवा मिळणार नाही!

मामा : माझे बाबा इथे छोट्या लाइनवर गँगमन होते. पावसाळ्यात रात्र-रात्र तुकईथड स्टेशनापासून रूळ तपासत जायचे. हातात रॉकेलचा दिवा, त्याला तांबडी-हिरवी काच. जयपूरहून काचीगुड्याला जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच लाइनीवरून जायची. तेवढ्याशा वातीचा तांबडा ठिपका दिसला की अख्खी गाडी थांबायची. तुझ्या दोन हजार ल्युमेनला एक डुक्कर थांबत नाही.

भाचा : ड्रायव्हर थांबायचा, दिवा नाही. आणि आजोबा रोज काच पुसायचे, वात कापायचे, रॉकेल भरायचे. निगा राखायचे. तुम्ही काय केलंत? बॅटरी बंद पडली की नाल्यात. मागच्या पावसाळ्यात नाल्यातून किती बॅटऱ्या निघाल्या, बघितलंत ना? आत लिथियम, शिसं, सगळं. मी दुरुस्त करतो तर मस्करी.

मामा : दुरुस्तीची नाही करत रे मस्करी. गोंदाची करतो. दुरुस्त करावी लागते त्या वस्तूला दार असावं लागतं.

भाचा : त्यासाठी सरकारने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलंय. २०२२ मध्ये, २४ डिसेंबरला, ग्राहक दिनाला. मोबाइल आहे, गाड्या आहेत, घरातल्या मशिनी आहेत, शेतीची अवजारंसुद्धा आहेत.

मामा : शेतीच्या अवजारांत बॅटरी धरली आहे का?

भाचा : ट्रॅक्टर वगैरे असतील.

मामा : मग नाही धरली. आमचं रात्रीचं पहिलं अवजार तेच. ट्रॅक्टर रात्री झोपतो, बॅटरी जागी असते. मला सांग, बॅटरी मला कशाला लागते? फिरायला जातो का मी? मध्यप्रदेशात शेतीला दहा तास लाइन देतात, त्यातले काही तास रात्रीचे. तिकडे मेळघाट ओलांडून महाराष्ट्रात जा, तिथेही हीच बोंब. मोटर चालू करायला रात्री जा, साप तुडवत जा, डुकराला भीत जा, अन् भीती वाटली तर चांगला एमिटर घाल. दिवसा लाइन दिली तर तुझ्या केल्विनचं अन् माझं काही देणंघेणं नाही!

भाचा : सोलर पंप आहे ना. कुसुम योजना २०१९ पासून आहे. तुम्ही अर्जच केला नाही.

मामा : तुला कोणी सांगितलं नाही केला म्हणून?

भाचा : केलात?

मामा : आधी घरचं बघ. इलेक्ट्रिशियन झालास, अन् दिवसभर हेच. मित्राचा ब्लूटूथ उघड, शेजारणीचा मिक्सर उघड. आयटीआय करून मिळवलंस काय? एक पिवळा ठिपका.

भाचा : हे बोलायचंच होतं तर उजेड कशाला धरलात?

मामा : अरे, बोलण्यात आलं.

भाचा : नाही, मनात होतं. नोकरीला गेलो तर म्हणतात अनुभव आणा. अनुभव गावात घ्यावा म्हटलं तर गावातला माणूसच काम देत नाही. पोळ्याच्या आधी तुमची मोटर जळली, तेव्हा मी इथेच बसलो होतो. तुम्ही ती गाडीवर टाकून खकनारला रिवाइंडिंगला नेलीत.

मामा : मोटर वेगळी, बॅटरी वेगळी.

भाचा : तांब्याची तार तीच. शिकलोय मी रिवाइंडिंग. जे बिघडलं तरी तुमचं नुकसान होणार नाही, तेवढंच माझ्या हातात देता.

मामा : मोटरवर सगळा गहू उभा असतो, बापा. ती बिघडली तर...

भाचा : माहीत आहे. म्हणून मी बॅटऱ्याच उघडतो.

मामी : तवा बिघडला तर कोणाचं नुकसान नाही, हे बरं आहे.

मामा : तू मधे नको बोलू. हे बघ, भाचेराव, रागावू नको. दुकान टाक म्हणतोस ना? टाक. चौकात टाक. मला सांग, एवढं काम करायचे किती घेशील?

भाचा : चिप दीडशे. पेस्ट, गॅस, माझा वेळ धरला तर... साडेचारशे तरी.

मामा : नवी कितीला येते?

भाचा : ऑनलाइन साडेतीनशे.

मामा : मग गिऱ्हाईक कोण येईल?

भाचा : ज्याची साडेतीनशेवाली जळली तो.

मामा : तो साडेतीनशेत नवी घेईल ना!

भाचा : एकदा घेईल. दुसऱ्यांदा घेईल. तिसऱ्यांदा मध्यरात्री शेतात उभा राहून मला फोन करेल.

मामा : फोनवर काय सांगशील त्याला?

भाचा : फोनचा टॉर्च लावा आणि घरी या, म्हणून.

मामा : अन् मी आत्तापासून काय बोंबलून राहिलो?

मामी : दोघंही ऐका. तिकडे शेजारच्यांच्या मोटरचा आवाज सुरू झाला. लाइन केव्हाच आली आहे.

मामा : आली? आण ती बॅटरी इकडे. सेल घट्ट आहे ना?

भाचा : आहे. मामा, फुल मोडवर लावू नका पहिल्यांदा, तापेल. मधल्यावर ठेवा. आणि मी येतो सोबत. मोटरचा स्टार्टर चिकटतो आहे तुमचा, कॉन्टॅक्ट घासून देतो.

मामा : स्टार्टरला हात नाही लावायचा!

भाचा : फक्त कॉन्टॅक्ट घासायचे आहेत.

मामा : फक्त म्हणालास ना? तू घरीच थांब.

भाचा : मग लांबचं कोण बघणार? ही तर जवळचंच दाखवते.

मामी : जा दोघं. आणि येताना कोणाकडून तरी तवा मागून आणा, सकाळी भाकरी आहेत.